कापसाच्या पेटीतला भात

माय, तुझ्या कापसाच्या पेटीत मी पुन्हा भात शिजवायला लागले आहे. तुला विचारलं नाही. तू असतीस तरी विचारलं असतं असं नाही. तुझा हेकटपणा जसाच्या तसा माझ्यात उतरला आहे असं बाबा सांगतात, आणि सांगताना त्यांना कौतुक वाटतं की वैताग, ते मला साठी आली तरी कळलेलं नाही. तू गेलीस तेव्हा मी बारा वर्षांची होते. आता शाळेतून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. सगळा जन्म विज्ञान शिकवण्यात गेला. मुलं मागून मला मोजमाप बाई म्हणत, ते मला माहीत होतं आणि आवडतही होतं. लग्न केलं नाही. वर्ध्याला लागून बोरगाव मेघेत दोन खोल्यांचं घर आहे, मागच्या अंगाला पत्र्याची पडवी आहे, आणि गावचं घर गळायला लागल्यापासून बाबा माझ्याजवळ आहेत. शहाऐंशी वर्षांचे झाले. येताना त्यांनी सामान म्हणून दोन धोतरं, तुझा पितळी गडवा आणि ती पेटी एवढंच आणलं. मी म्हटलं, पेटी कशाला, तिला वाळवी लागली असेल. ते म्हणाले, "असू दे. खात नाई ते तुले काई." तेव्हापासून ती पडवीत, जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याखाली पडून होती.

हे सगळं सुरू कसं झालं ते आधी सांगते, नाहीतर तू म्हणशील, पोरगी म्हातारपणी बहकली. आमच्या गल्लीतल्या बचत गटाच्या बायकांना विजेवरचे भाताचे कुकर घ्यायचे होते. दहा जणींनी एकदम घेतले तर दुकानदार भाव कमी करणार होता. पण एकीच्या नवऱ्यानं सांगितलं की त्यानं लाईटचं बिल दुप्पट येतं, आणि दुसरीची सून म्हणाली, छे, उलट गॅस वाचतो. झालं, दोन तट पडले. शेवटी सगळ्या माझ्या दारात येऊन बसल्या. "बाई, तुमी सायन्सवाल्या. तुमीच सांगा, लाईटवर परवडते का गॅसवर? आमी तुमच्यावर सोडलं." माझ्यावर सोडलं म्हटल्यावर मी कशाला मागे राहते! सॉकेटात लावायचा छोटा मीटर मागवला. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे एक जुना इलेक्ट्रॉनिक काटा पडून होता, तो उसना आणला, कारण गॅसचं सिलिंडर शिजवण्याआधी आणि शिजवल्यावर तोलायचं होतं. भाजीवाला काटा घरापर्यंत पोचवायला आला आणि दारातच थबकला. "बाई, भात तोलाचा सोडून सिलिंडर काऊन तोलून राह्यल्या?" मी त्याला उष्णतेचा धडा सुरू करणार होते, पण त्याची गाडी रस्त्यात उभी होती.

रोज तोच तांदूळ, तीच वाटी, तेवढंच पाणी. विजेच्या कुकरनं एका वाटीला युनिटचा जेमतेम सहावा भाग घेतला. पण भात झाला की त्याचा पिवळा दिवा लागतो आणि तो भात ऊन ठेवत बसतो. तसाच चार तास ठेवला तर शिजवायला लागली तितकीच वीज नुसतं ऊन ठेवायला खातो. हे ऐकून बायका हबकल्या, कारण सगळ्यांचा बेत तोच होता, सकाळी लावायचा आणि दुपारी खायचा. इंडक्शनवर शिट्टीचा कुकर ठेवला तर थोडं कमी लागतं. गॅसवर शिट्टीचा कुकर वीसेक ग्रॅम गॅस घेतो आणि उघडं पातेलं, म्हणजे आपला गंज, ठेवला तर त्याच्या दुपटीला जातो. त्यात मेख अशी की महिन्याचे युनिट शंभराच्या आत राहिले तर वीज आणि गॅस जवळपास बरोबरीत येतात, शंभराच्या वर गेले की दर चढतो आणि गॅस स्वस्त पडतो. चुलीचा हिशेब घ्यायला मी एक दिवस सेलूकडच्या आपल्या गावी जाऊन आले. चुलतभावाच्या अंगणात अजून पऱ्हाट्यांवर पाणी तापतं. कापूस वेचून झाला की उरलेली ती वाळकी झाडं, फुकटचं जळण. पण ती उपटायला, मोळी बांधायला, मोडून चुलीत सारायला आणि फुंकत बसायला एक बाई लागते. वहिनी म्हणाली, "माही मजुरी कोन्या खान्यात लिहान बाई?" मी तेही वहीत लिहून घेतलं.

गटातल्या एकीनं मध्येच वेगळा मुद्दा काढला. मागच्या वर्षी तिचे सासरे वारले. घरात चूल पेटवायची नाही म्हणून भावकीनं दोन दिवस डबे आणले, तिसऱ्या दिवशी कुणी फिरकलं नाही. तेव्हा हिनं सरळ विजेचा कुकर लावला. सासू ओरडली तर म्हणाली, "आत्याबाई, इस्तो कुठं पेटवला? म्या तं बटन दाबलं." सगळ्या खो खो हसल्या. मला हसू आलं नाही. सुतकाच्या घरात विस्तवाशिवाय शिजलेला भात मी पाहिलेला होता, आणि इतक्या वर्षांत त्याच्याबद्दल कुणाशी बोलले नव्हते. मी वही मिटली आणि बायकांना तक्ता पुरा झाला की बोलावते म्हणून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला कुकर लावला आणि भाताला उकळी फुटते न फुटते तोच लाईन गेली. अर्धवट उकळलेला तो भात गॅसवर ठेवता आला असता. पण मनात आलं, तक्त्यात सगळ्यांच्या ओळी आहेत, पेटीची का नको? खोटं कशाला बोलू, मनात ते आदल्या दिवसापासूनच होतं. मी पडवीत गेले, वर्तमानपत्रांचा गठ्ठा बाजूला केला आणि झाकण उघडलं. वाळवी नव्हती. चहाची ती लाकडी पेटी, आत चारी बाजूंनी दाबून भरलेली आपल्या वावरातली रुई, मध्ये गंजाच्या मापाचा खळगा. रुई पिवळी पडली होती. खळग्यात हात घातला तर आतून ऊब लागली. पडवीला पूर्वेचं ऊन येतं, पत्रा तापतो, त्याची असेल असं मी स्वतःला सांगितलं. भात गॅसवर घेतला, पुन्हा खळखळून उकळी आणली, तू म्हणायचीस तसे शंभर अंक मोजले आणि गंज झाकणासकट खळग्यात ठेवून वर कापसाची उशी दाबली.

तुला आठवतं का, ही पेटी तू सेवाग्रामकडच्या कुठल्याशा शिबिरात शिकून आली होतीस आणि गावातल्या बायका तुला हसल्या होत्या? आग नाही, धूर नाही, आणि म्हणे भात शिजतो. तू सकाळी उकळी आणून गंज पेटीत ठेवायचीस, वरून उशी आणि उशीवर पाट, आणि कमरेला कापसाची ओटी बांधून वावरात जायचीस. दुपारी परत यायचीस तेव्हा भात मोकळा, ऊन, तयार. शेजारीण एकदा म्हणाली, जळण वाचवून असं किती वाचते? तू म्हणालीस, "जळनाचं जाऊ दे. मले चुलीपाशी बसा लागत नाई, थे वाचते." मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. एकदा तू वावरात गेल्यावर मी पेटी उघडून पाहिली. खरंच शिजतंय का ते बघायचं होतं. वाफेचा एक भपका तोंडावर आला आणि गेला. दुपारी भात कणीदार, कच्चा निघाला. तू मारलं नाहीस. तोच भात माझ्या ताटात वाढलास आणि समोर बसून राहिलीस. "झाकलं काम झाकलंच राहू देजो. पाह्यलं का अर्धं राह्यते." मी रडत रडत सगळा खाल्ला, आणि तुझा मला इतका राग आला होता की संध्याकाळपर्यंत तुझ्याशी बोलले नाही.

तर त्या दिवशी मी पेटी एकपर्यंत उघडली नाही. बाबा आतल्या खोलीत होते. दोन महिन्यांपासून त्यांचं जेवण तुटलं होतं. दवाखान्यात नेलं, सगळ्या तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. डॉक्टरीणबाई माझीच जुनी विद्यार्थिनी. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, मॅडम, आजार नाही, पण पोटात अन्न गेलं नाही तर ते फार दिवस काढणार नाहीत. मी रोज ताट नेत होते आणि रोज परत आणत होते. कुकरचा भात, गॅसचा भात, मऊ खिचडी, सगळं ते दोन बोटांनी चाचपत आणि ताट सरकवत. "इच्छाच नाई होत वं." एकला मी पडवीत उशी काढली, झाकण उचललं, वाफ वर आली. खोलीचं दार बंद होतं, बाबांना पेटीचं काही सांगितलेलं नव्हतं. तरी आतून त्यांचा आवाज आला. गेले कित्येक महिने इतका मोठा आवाज त्यांच्या तोंडून निघाला नव्हता.

"तुही माय आली का वावरातून?"

मी गंज हातात धरून तशीच उभी राहिले. मग वरण-भात कालवून नेला. त्यांनी सगळा खाल्ला, ताट बोटानं पुसलं आणि आणखी मागितला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आनंदानंच आलं. संध्याकाळी तक्त्यात ओळ लिहिली, गॅस नऊ ग्रॅम आणि लाईन जाईपर्यंतची वीज, तरी सगळ्यात स्वस्त. आणि दुसऱ्या दिवसापासून रोज भात पेटीत लावायला लागले.

पण मी मोजमाप बाई. न उघडता आतली उष्णता कळावी म्हणून लांब वायरच्या टोकाला सळई असलेला थर्मामीटर आणला, सळई भाताच्या गंजाला टेकवली, वायर उशीखालून बाहेर काढली आणि वही घेऊन बसले. सव्वानऊला सत्त्याण्णव अंश. दहाला ब्याण्णव. अकराला अठ्ठ्याऐंशी, बाराला पंच्याऐंशी. असंच व्हायला हवं, कापूस ऊब सोडतो पण हळूहळू सोडतो. साडेबाराला चौऱ्याऐंशी. मग एकला सत्त्याऐंशी आणि थोड्या वेळानं एक्क्याण्णव. माय, बंद पेटीतली वस्तू आपोआप तापत नाही. हे मी छत्तीस वर्षं फळ्यावर लिहीत आले. मी थर्मामीटर बदलला, दुसरा, नोंदी आपोआप ठेवणारा आणला, दोन्ही एकदम लावले. रोज साडेबारापर्यंत उतरतं आणि मग चढतं. एक दिवस नुसतं पाणी ठेवलं, ते सरळ उतरत गेलं. बाबांना तपासणीसाठी नेलं त्या दिवशी घरी फक्त माझ्यापुरता भात लावला होता, यंत्रानं नोंद ठेवली होती, तोही सरळ उतरत गेला. त्यांच्या वाट्याचे तांदूळ असले तरच ते चढतं. या नोंदी मी कुणाला दाखवल्या नाहीत. दाखवल्या असत्या तर लोकांनी मला वेड्यात काढलं असतं, आणि मीही दुसऱ्या कुणाला काढलंच असतं.

साडेबारा. तुला गाडीतून घरी आणलं तेव्हा शाळेची मधली सुट्टी झाली होती, म्हणून वेळ पक्की लक्षात आहे. वेचणीचे दिवस. सकाळी तू भात पेटीत ठेवून गेलीस, छातीत कळ आली आणि पऱ्हाटीतच खाली बसलीस. वेचलेल्या कापसाच्या गाठोड्यांवर निजवून तुला आणलं. मग सगळं भराभर झालं, कारण बाहेरगावाहून यायचं कुणी नव्हतं. स्मशानातून माणसं परतली तेव्हा ऊन अजून होतं. मामाच्या घरून कडू घास म्हणून पिठलं-भाकरी यायची होती, ती आली नव्हती. आत्याला काय आठवलं कुणास ठाऊक, तिनं कोपऱ्यातल्या पेटीची उशी काढली. भात तयार होता. पांढरा, मोकळा, वाफा निघत होत्या. सकाळी तू ठेवलास तेव्हा तो कच्चा होता, माय. तू गेल्यानंतर शिजला. आत्या मागे सरकली आणि हळूच म्हणाली, "याले कोनी हात नोका लावू. मेल्यावर सिजला हा. हा जो खाईन त्याले थे न्याले येईन."

मला भूक लागली होती. सकाळपासून पोटात काही नव्हतं, आणि तो तुझा भात होता. मी पुढे झाले आणि हात घातला. बाबांनी माझ्या हातावर फटका मारला. आयुष्यात तेवढाच एकदा. "बाजूले हो," म्हणाले, गंज पुढ्यात ओढला आणि त्या सगळ्या माणसांदेखत, वरण नाही, मीठ नाही, कोरा भात बोटांनी चेपून चेपून खाल्ला. शेवटचं शीतसुद्धा. मला एक घास दिला नाही. त्यानंतर त्यांनी पेटी माळ्यावर टाकली आणि मला दोन वेळ स्वतः रांधून घातलं, दुसरं लग्न केलं नाही, शिकवलं, नोकरीला लावलं. तरी तो गंज माझ्या मनातून गेला नाही. मला वाटायचं, तुझ्या हातचं शेवटचं त्यांनी एकट्यानं लाटलं. मोठेपणी कधीतरी दुसराही विचार आला, की आत्याचं बोलणं त्यांच्याही कानावर गेलं होतं. मला वाचवायला खाल्ला की तू न्यायला यावंस म्हणून खाल्ला, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. आमच्या घरात असं विचारायची पद्धत नव्हती.

आता पेटीतला भात खायला लागल्यापासून बाबा सुधारले. उठून बसले, मग काठी घेऊन पडवीत येऊ लागले. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, बाई, तुमच्या हाताले यश आहे. आठेक दिवस झाले असतील, जेवता जेवता ते सहज म्हणाले, "तिची येचनी होत आली. सा पाती राह्यल्या." वेचणीत एका बाईच्या वाट्याला येणारा पऱ्हाटीचा पट्टा म्हणजे पात, हे मला माहीत होतं. तू गेलीस तेव्हा ते वावर अर्धं वेचायचं राहिलं होतं, तेही माहीत होतं. मी विचारलं, कुणाची वेचणी? ते माझ्याकडे असं बघायला लागले की मीच बहकले आहे. "तुह्या मायची, आनखी कोनाची? येते ना थे दुपारची. म्हनते, येचनी झाली का तुमाले घेऊन जातो." दुसऱ्या दिवशी पाच पाती राहिल्या होत्या. तिसऱ्या दिवशी चार. मधे एक दिवस मी मुद्दाम पेटी लावली नाही, त्या दिवशी त्यांनी खाल्लं नाही आणि पातही कमी झाली नाही. चारच.

मी त्यांना म्हटलं, बाबा, भीती नाही वाटत? ते नखं कापत बसले होते, हल्ली सारखं स्वतःला नीटनेटकं ठेवतात. म्हणाले, "भेव कायचं? आपल्याच बायकोचं? चाळीसाच्या वर वर्सं झाले, येतो म्हनून राह्यली अन् येत नाई. तूच आनली तिले पेटी लावून." ते खुशीत होते, माय. मी तिथून उठून नळाखाली भांडी घासत बसले, स्वच्छ भांडी. पेटी लावली तर एकेक पात संपते. नाही लावली तर ते उपाशी राहतात. मी तीन दिवस नाही लावली. कुकर लावला, इंडक्शन लावलं, चुलतभावाकडून चुलीवरचा भात डब्यात मागवला. ते पाण्यावर राहिले, आणि तिसऱ्या दिवशी उठून बसताना भिंतीला टेकले आणि तसेच घसरत खाली आले. डॉक्टरीणबाई म्हणाली, नाकातून नळी घालावी लागेल. त्या हाडांच्या माणसाच्या नाकात नळी! चौथ्या दिवशी मी पुन्हा पेटी लावली. त्यांनी खाल्लं. तीन पाती राहिल्या. मग दोन. काल एक.

काल दुपारी मी तुझ्यावर फार चिडले. पडवीत उभी राहून पेटीला मोठमोठ्यानं बोलले, समोरच्या गच्चीवरची बाई कपडे वाळत घालायचं सोडून बघत राहिली. इतकी वर्षं मी या घरात आहे, एकदा तरी आलीस का? माझी दहावी झाली, मला टायफॉइड झाला, मी पहिला पगार आणून बाबांच्या हातावर ठेवला, तेव्हा तुझी वेचणी चालली होती का? येतेस तर त्यांच्यासाठी येतेस. आणि मी रोज सकाळी उठून, शंभर अंक मोजून, तुझ्यासाठी वाट करून देते आहे. भाड्याची बाई असते तशी.

आज सकाळी दोन्ही लावले. एक वाटी पेटीत, एक वाटी विजेच्या कुकरमध्ये. थर्मामीटरही लावला होता, तो आज एकला चौऱ्याण्णवपर्यंत गेला, इतका कधी गेला नव्हता. कुकरमधला भात मी तसल्याच दुसऱ्या गंजात काढला, पेटीच्या उशीखाली चार मिनिटं ठेवला आणि बाबांच्या खोलीत नेऊन त्यांच्यासमोर वाढला. पेटीतला भात आधीच स्वयंपाकघरात ओट्यावर काढून घेतला होता. त्यांना वाढायच्या आधी तो मी खाऊन घेतला होता, उभ्यानं. बाबांनी पहिला घास घेतला आणि थांबले. हात ताटात तसाच. माझ्याकडे बघायला लागले, आणि त्यांचा चेहरा असा उतरला की मला वाटलं आता ताट सरकवतील.

"हा तिच्या हातचा नाई."

मी म्हटलं, पेटीतलाच आहे बाबा, आत्ताच तर काढला.

"तू तं नाई खाल्ला? खरं सांग. तू नाई ना खाल्ला?"

त्यांचा ओठ थरथरत होता. त्या दिवशी माझ्या हातावर फटका मारला तेव्हा त्यांचं तोंड मी पाहिलं नव्हतं, मी हाताकडे बघत होते. आज पाहिलं. तेव्हा तो भात त्यांनी का खाल्ला, हे त्यांना विचारायची मला आता गरज उरली नाही. मी म्हटलं, नाही खाल्ला. ते कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिले आणि मग त्यांनी खायला सुरुवात केली. कुकरचा भात, इतक्या दिवसांत कधी तोंडात घेतला नाही तो, हळूहळू सगळा संपवला. हात धुताना मी विचारलं, आज किती पाती राहिल्या? ते म्हणाले, "आज तं थे आलीच नाई इकडं. कुठं गेली कोनास ठाऊक." आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. आता त्यांचा श्वास नीट चालला आहे, दारातून ऐकू येतो.

उद्या गटाच्या बायका तक्ता न्यायला येतील. त्यांना मी सांगणार आहे, कुकर घ्या, भात झाला की बटण बंद करा, ऊन ठेवत बसू नका. पेटीची ओळ मी खोडली. हे तुला मी त्याच वहीच्या मागच्या पानांवर लिहिते आहे, ती पानं त्या यायच्या आत फाडून घ्यावी लागतील. कुठे पाठवणार म्हणा!

एक राहिलं. मी तो भात बाबांना वाचवायला खाल्ला असं उद्या मला कुणी विचारलं तर मी हो म्हणेन, आणि ते ऐकायला बरंही वाटेल. पण ओट्याशी उभी राहून पहिला घास घेतला तेव्हा बाबा माझ्या मनातसुद्धा नव्हते. वरण न घेता, मीठ न घेता, कोरा खाल्ला. गंज खरवडून खाल्ला. मला फार भूक लागली होती, माय.